तालुकदारसाहेबांची घागर

आमच्या कराडात संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना इंग्रज फार आवडतो. तो इथे होता तेव्हा याच मंडळींनी त्याला शेलक्या शिव्या दिल्या असतील. पण त्याला जाऊन पंचवीस वर्षं होतात न होतात तोच त्याच्या राज्यात टपाल वेळेवर यायचं, तूप शुद्ध मिळायचं आणि पोरं बापासमोर पाय पसरून बसत नव्हती, असं सगळ्यांना एकदम आठवायला लागलं. मी कॉलेजात इतिहास शिकवते. गेलेलं राज्य लोकांना इतकं गोड का लागतं, यावर एक लांबलचक निबंध लिहायचं माझ्या डोक्यात होतं. आमच्या ऐतिहासिक कादंबऱ्या त्यासाठी वाचून झाल्या होत्या. त्यांत घोडे अटकेपार जातात, मिशांवर ताव बसतो, तोफा धडाडतात. पण एवढ्या घोड्यांना पाणी कुणी पाजलं, ते कुठल्याच पानावर सापडत नाही.

इंग्रजांच्या आठवणी माझ्याकडे ढिगाने जमल्या होत्या. निजामाच्या राज्याची मात्र एकही नव्हती. ती मिळण्याचा योग आला दूध संस्थेमुळे. माजलगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून विश्वनाथ नावाचा तरुण आमच्याकडच्या सहकारी दूध संस्था पाहायला आला होता आणि माझ्या भावाकडे उतरला होता. माझ्या निबंधाचं ऐकून तो हसत म्हणाला, "मग बाई, तुमी आमच्या अप्पांकडं या. आमच्या वडलांच्या घरात निजाम अजून गेलाच न्हाई."

बहात्तरचा दुष्काळ तेव्हा ऐन भरात होता. घरच्यांनी मला वेड्यात काढलं. शिमगा झाल्यावर मी निघाले.

घाटनांदूर

रेल्वेतून उतरल्यावर पहिली गोष्ट केली ती चहाची. स्टेशनाबाहेरचा हॉटेलवाला अगत्याने म्हणाला, "च्या घ्या बाई, लई फक्कड हाय. पाणी तेवढं मागू नका."

"मग चहा कशाचा करता?"

"आता ते कावून इचारता? प्या की!"

मी प्यायले. फक्कडच होता. 

तिथून पुढे एसटी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, तिला हात जाईल एवढ्या भेगा, बांधावरच्या बाभळी आणि दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा. शेजारच्या बाईने गाव विचारलं. कराड म्हणताच पुढच्या मागच्या बाकांवरून माना वळल्या. निम्म्या गाडीला कराड पाठ होतं! उसाच्या तोडीला ही सगळी माणसं दर वर्षी आमच्याकडे येणारी. कुठल्या मळ्यात राहायची कोपी घालायला सावली आहे, कुठला मुकादम तोंडाळ आहे, कुठल्या पुलाखाली बैल पाणी पितात, हे त्यांनी मलाच सांगितलं. आमच्या साखरेचं एवढं साम्राज्य ज्यांच्या कोयत्यावर उभं आहे, ती माणसं मी आजवर फडाच्या कडेला पाठमोरीच पाहिली होती. शेजारची बाई म्हणाली, "तुमच्याकडं पाटाला रातदिस पाणी वाहतंय, न्हाई का वो?" लग्नघरातल्या जेवणावळीबद्दल बोलावं तशी ती बोलत होती. मला एकाएकी आमचं पाणी फार उधळं वाटलं.

दिंद्रुडच्या पुढे

दिंद्रुडला विश्वनाथ बैलगाडी घेऊन आला होता. त्याच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मला कुणी बंदी घातलेली नाही, पण पुढे जे घडलं त्यात अप्पांची आब राखणं मला बरं वाटतं.

घरी पोचल्यावर विश्वनाथच्या बायकोने, सुभद्राने, पाय धुवायला तांब्या दिला. मी आमच्या सवयीने अंगणात गेले आणि ऐटीत तांब्या कलंडवणार, तोच ती "बाई, बाई!" करत धावली आणि माझ्या पायांखाली परात सरकवली. मला परातीत उभं राहून पाय धुवावे लागले. ते पाणी तिने तस्संच उचलून शेळीपुढे ठेवलं. शेळीने माझ्याकडे पाहत पाहत सगळी परात संपवली. त्यानंतर त्या घरात मी पाण्याला हात लावण्याआधी दर वेळी विचारून घेतलं.

जेवायला रेशनच्या लाल मिलोची भाकरी आणि येसराची आमटी होती. मिलो घशाखाली उतरायला वेळ घेते. पण भाजलेल्या डाळी-मसाल्यांचं पीठ घालून केलेली ती दाट, खमंग आमटी म्हणजे, काय सांगू, मी तीन वेळा मागून घेतली. जेवणानंतर चहा आला तो कोरा. विश्वनाथ गावच्या दूध संस्थेचा चेअरमन, आणि त्याच्या घरी कोरा चहा! विश्वनाथ ओशाळून म्हणाला, "घरचं समदं दूध संस्थेला जातं. मीच घरी ठिवलं तर लोकान्ला कोन्त्या तोंडानं मागू?"

मग अप्पा आले. शिवलिंगअप्पा सत्तरीचे, उंच, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. माझ्यासाठी त्यांनी ठेवणीतली काळी शेरवानी घातली होती. त्या उन्हात! निजामाच्या राज्यात त्यांचे वडील गावचे माली पाटील होते, म्हणजे सारावसुली त्यांच्याकडे. अप्पा स्वतः उर्दू शाळेत शिकलेले. खुर्चीत बसताच त्यांनी माझी कीव केली.

"तुमी बाई इंग्रजाची रयत. तुमाला न्हाई कळायचं. आमी हुजुराची रयत! काय ती अदब, काय ती जबान, काय तो बंदोबस्त!"

मी वही उघडली. अप्पांनी एकामागून एक किस्से सांगितले, पण त्यांचा खरा जीव होता तो एकाच किश्श्यावर. त्यांच्या शेतातल्या मोठ्या विहिरीला पाणी लागलं, त्या दिवसाचा. तिकडे कलेक्टरला तालुकदार म्हणत. त्या दिवशी तालुकदारसाहेबांचा दौरा दिंद्रुडला मुक्कामी होता.

"तंबू, कनाती, घोडे, शिपाई! वडील म्हनले, हिरीची पहिली घागर साहेबाला. चांदीचं तबक काढलं, त्यावर घागर, वरून जरीचा रुमाल. पुढं सनई-ताशा. मी सोता तबकाम्होरं चाललोतो. साहेबानं पेला व्हटाला लावला अन् म्हनले, वा! पाटील, वा!" अप्पांनी डोळे मिटून घेतले. "काय जमाना व्हता!"

माझी तर चंगळ झाली. याच्यासाठीच मी एवढ्या लांब आले होते. मी अप्पांना तो किस्सा पुन्हा सांगायला लावला आणि त्यांनी तो जरासुद्धा न कंटाळता, आणखी दोन घोडे वाढवून सांगितला.

खालची गल्ली

विश्वनाथचा चेहरा मात्र किस्सा ऐकताना उतरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला शेताकडे घेऊन गेला तेव्हा कारण समजलं.

गावात माणसांना पिण्यापुरतं पाणी दोन-तीन आडांना होतं. जनावरांचे मात्र हाल कुत्रं खात नव्हतं. सगळ्या शिवारात पाणी टिकून होतं ते फक्त अप्पांच्या त्या मोठ्या विहिरीत, तेही खूप खाली आणि गाळाने भरलेलं. संस्थेने गाळ काढायचा, विहीर सगळ्यांना मोकळी करायची आणि म्हशी उन्हाळाभर जगवायच्या, असं विश्वनाथने ठरवलं होतं. अप्पाही आनंदाने तयार होते. विहिरीवर दोर सगळ्या गावाचे पडणार, गावकुसाबाहेरच्या वस्तीचेसुद्धा, हे भांडून का होईना पण मान्य झालं होतं. अडलं होतं एका जागी. खालच्या गल्लीतले कुणबी त्या विहिरीला शिवायला तयार नव्हते. संस्थेच्या निम्म्याहून जास्त म्हशी त्यांच्याच गोठ्यात.

"येत्या बाजारी ते म्हशी इकायला काढनार," विश्वनाथ म्हणाला. "म्हशी गेल्या की दूध गेलं, दूध गेलं की संस्थेला कुलूप. अन् एकदा म्हशी गेल्यावर ही मानसं बारा म्हैने कोयता घिऊनच फिरनार. मी किती येळा पाया पडलो. कोनी कारन सांगंना. अप्पा म्हनत्यात, मानपान पायजे असंल."

मी म्हटलं, मी बघते विचारून. परक्या बाईला लोक पुष्कळदा ते सांगतात जे शेजाऱ्याला सांगत नाहीत.

खालच्या गल्लीत राहीबाई भेटल्या. साठीच्या आसपासच्या, काटक, बोलताना समोरच्याचा हात धरून ठेवणाऱ्या. नवरा नामदेव जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा धोंडिराम हा त्या गल्लीचा पुढारी. मी कराडची म्हटल्यावर त्यांनी आधी आमच्याकडच्या मळ्यांची खुशाली विचारली आणि मग मला शेंगदाण्याची चटणी लावून भाकरी खायला घातली. मी विहिरीचा विषय काढला.

"तुमाला अप्पानं किस्सा सांगितला का? तबकाचा?"

"सांगितला की. दोनदा."

राहीबाई हसल्या नाहीत. त्यांनी जे सांगितलं ते असं. आमच्याकडे विहिरीला पाणी लागलं की मालक नारळ फोडतो आणि पूजा करतो. त्यांच्या भागात रिवाज निराळा. पहिली घागर खणणाऱ्याच्या घरी जाते. घरची सवाशीण तिला हळद-कुंकू लावते, त्या घरातलं माणूस पहिला घोट घेतं, आणि मग बाकीचं गाव त्या पाण्याला हात लावतं. अप्पांची विहीर खणली खालच्या गल्लीने, वेठीवर. मजुरी नाही आणि भाकरही घरून बांधून न्यायची. सगळ्यात तळाशी नामदेव होता. राहीबाई तेव्हा नव्या नवरी होत्या.

"पाणी लागल्याचा आवाज गावात आला तसं मी दार सारवलं," त्या म्हणाल्या. "हळद-कुंकू काढून ठिवलं. नवं लुगडं नेसून दारात हुबी ऱ्हायले. सनई वाजाया लागली. मला वाटलं, आमच्याकडंच यायली. ती गेली वरच्या वाटंनं, दिंद्रुडला."

बोलता बोलता त्यांनी माझ्या पानात भाकरीचा आणखी एक चतकोर ठेवला.

"सासऱ्यानं त्याच रोजी नारायणगडाच्या देवाची आण घातली. पहिली घागर ह्या दारात आल्याबिगर त्या हिरीचं पाणी मानसानं प्यायचं न्हाई, जनावरानं बी न्हाई. वेठ समद्यांनीच केलती ताई, तिचा राग न्हाई. पर आमची घागर होती ती."

"मग हे अप्पांना कुणी सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? त्यान्ला ठावं न्हाई का? हरसाली, लग्नात, बारशात, तेच तर सांगत्यात समद्या गावाला, वर मान करून."

मी वरच्या गल्लीला परत आले ती भयंकर चिडून. कुणावर चिडले होते तेच कळत नव्हतं. माझ्या वहीत तो किस्सा सुंदर अक्षरात उतरवलेला होता.

महादेवाच्या देवळात

बाजाराच्या आदल्या सकाळी देवळात संस्थेची बैठक भरली. विश्वनाथला मी राहीबाईंचं सगळं सांगितलं होतं. तो बिचारा हादरला होता, पण शेरवानी घातलेल्या बापापुढे त्याची जीभ उचलेना. पुरुष ओट्यावर, राहीबाई आणि दोन-चार बाया पायरीशी, मी पाहुणी म्हणून एकुलत्या एका खुर्चीवर.

अप्पा उभे राहिले. हीर गावाची, म्हणाले, आणि इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण थांबले तर ते अप्पा कसले. "ही साधी हीर न्हाई," त्यांनी सुरुवात केली, "हिची पहिली घागर तालुकदारसाहेबानं..." आणि तबक निघालं, रुमाल निघाला, सनई वाजू लागली.

धोंडिराम ताडकन उठला. "चला बे," तो आपल्या माणसांना म्हणाला, "उद्या बाजार हाय." सगळी खालची गल्ली उठली. अप्पा गोंधळून पाहत राहिले. "आता आनि काय पायजे ह्यान्ला? हीर दिली की मी!"

मला गप्प बसवेना. वर्गात पोरांना विचारते तसंच मी विचारलं, "अप्पा, विहीर खणली कुणी?"

"आमी."

"तुम्ही पहार धरली होती?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. अप्पांनाही हसू आलं. "मी? मी काठावर वडलांवर छत्री धरून हुबा. खाली गावची मानसं होती. सरकारी वेठ होती तवा."

"कोण कोण होतं?"

मला वाटलं होतं, अप्पांना आठवणार नाही. मी चुकले. त्यांना सगळं लख्ख आठवत होतं, आणि ते मोठ्या प्रेमाने सांगू लागले. किसन पहारीचा लई पक्का, एका घावात कातळ फोडायचा. म्हादबा खाली उतरायला भ्यायचा, तर त्याला दोर ओढायला लावलेलं. निघालेली माणसं देवळाच्या दारात थबकली. आपल्या बापांची, चुलत्यांची नावं अप्पांच्या तोंडून त्यांनी आजवर कधी ऐकली नसावीत.

"अन् नामा," अप्पा म्हणाले. "माझ्याच वयाचा, लई हसरा गडी. सगळ्यात तळाला तोच. झरा फुटला तवा त्यानंच हाक दिली खालून. 'अप्पा, घागर सोडा! घागर सोडा, घरला न्यायची हाय, घरी वाट...'"

आणि अप्पा तिथेच थांबले.

त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. त्यांनी पायरीकडे पाहिलं. राहीबाई जमिनीकडे पाहत होत्या. एवढी वर्षं अप्पांनी तो दिवस सांगितला होता आणि ती हाकही त्यांच्याजवळ होती, तबकाच्या खाली दबलेली. मला खुर्चीत बसणं नको झालं म्हणून मी उठून उभी राहिले.

"विश्वनाथ," अप्पा म्हणाले, "उद्या सकाळी वाजंत्री सांग."

"वाजंत्री नको, अप्पा," विश्वनाथ पहिल्यांदाच बापाला आडवं बोलला.

"मग? कशी न्यायची?"

"बाया नेत्यात तशी."

बाजाराचा दिवस

उजाडताच सगळं गाव विहिरीवर होतं. अप्पांनी दोराने घागर सोडली ती तळाला टेकायला बराच वेळ लागला. वर येताना ती दोनदा कपारीला आपटली. विश्वनाथ पुढे झाला तर अप्पांनी त्याला कोपराने मागे सारलं. घागर त्यांनी खांद्यावर घेतली आणि खालच्या गल्लीची वाट धरली.

चालणं सोपं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचा खांदा, त्यात सवय नाही. पाणी हिंदकळून शेरवानीवरून ओघळत होतं आणि बाया "अप्पा, हळू, सांडतंय!" म्हणून ओरडत होत्या. त्या गावात सांडणाऱ्या पाण्याकडे बघवत नाही हे एव्हाना मलाही कळलं होतं. मागून आम्ही सगळे. राहीबाईंच्या दारापर्यंत घागर पाऊणच उरली.

दार सारवलेलं होतं. राहीबाईंनी सुनेला पुढे केलं. सुनेने घागरीला हळद-कुंकू लावलं, अप्पांनी घागर उंबऱ्यावर ठेवली आणि धापा टाकत ते खाली ओट्यावर बसले. राहीबाईंनी पदर सावरला, ओंजळ धरली. सुनेने पाणी ओतलं. धोंडिराम भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती आणि तो ती पुसत नव्हता. माझंही तेच झालं होतं.

राहीबाईंनी घोट घेतला. तोंड वाकडं केलं. ओंजळीतल्या उरलेल्या पाण्याकडे पाहिलं आणि पुन्हा एक घोट घेऊन बघितला.

"अगं बया," त्या म्हणाल्या, "खारट हाय की हे!"

विश्वनाथने मान खाली घातली. मोटेने पिकाला पाजायची विहीर ती, वरच्या गल्लीला तिची चव माहीत होती, पण आजच्या दिवशी ते कोण कशाला बोलेल?

"हाय," अप्पा ओट्यावरून म्हणाले. "लई खारट हाय. तालुकदारसाहेब बी थुकलेते."

"वा म्हनले न्हवं?" धोंडिरामने विचारलं.

"कशाचं वा!" अप्पांनी भिजलेली शेरवानी काढून बाजूला ठेवली. आत त्यांची साधी बंडी होती आणि ती जागोजागी शिवलेली होती. "चूळ भरली अन् वडलांच्या पायाम्होरं थुकले. म्हनले, पाटील, हे घोड्यान्ला पाजा. वडील घरी आले ते दोन दिस जेवले न्हाईत. तिसऱ्या दिशी लोकान्ला सांगाया लागले, साहेब वा म्हनले. मग मी बी तेच सांगितलं. सांगून सांगून मला बी खरंच वाटाया लागलं."

राहीबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतायत. पण त्यांचे खांदे हलत होते ते हसण्याने. मग सून हसली, मग दारातल्या बाया, मग धोंडिराम, आणि शेवटी अप्पा, डोळे पुसत पुसत.

"बरं झालं, त्येला दिली ते," राहीबाई म्हणाल्या. त्यांनी घागरीत उरलेलं पाणी गोठ्यातल्या पत्र्याच्या टोपल्यात ओतलं. बाजाराला न्यायची म्हणून धुऊन पुसून ठेवलेली म्हैस तिथे बांधलेली होती. तिने नाक बुडवलं आणि एका दमात सगळं पिऊन वर टोपलं चाटलं.

"हिला काय गोड अन् काय खारट," राहीबाई म्हणाल्या. "धोंड्या, हुबा काय ऱ्हायलास? बाजार ऱ्हाऊ दे. फावडी घे, अन् समद्यान्ला हाक मार. आपली हीर हाय, गाळ काढाया नको?"